कैतान मास्तरचं खणखणीत उत्तर

एका गावात एक भोळा मास्तर होता. गाव वसईकडचं, केळीच्या वाड्यांमधलं. शाळा फादर लोकांची. मास्तर शिकवायचा गणित, आणि तेही दहावीला! आता गणिताचा मास्तर भोळा कसा, असं मला विचारू नका. आकड्यांपुढं तो वाघ होता. माणसांपुढं मात्र सगळा आनंदीआनंद. त्याचं नाव कैतान.

कैतानचं लग्न ठरलं होतं ब्रिजितशी. मुलगी गोड, पण बाप पेद्रू भारी खट. तो म्हणाला, "जावईबापू, लग्न जानेवारीत. तोवर नोकरी टिकवा. नोकरी गेली की सोयरीक गेली."

कैतानचा सगळा जीव ब्रिजितमध्ये. तो म्हणाला, "टिकवतो. फादर सांगतील तस्संच वागतो."

तिथंच तर घोडं पेंड खात होतं.

पहिल्या दिवशी कैताननं फळ्यावर गणित मांडलं. स्वतःच सोडवलं, स्वतःच उत्तर लिहिलं, स्वतःच पुसलं. मुलं खूश होऊन घरी गेली. हेडमास्तर होते फादर एलायस. ते म्हणाले, "मास्तर, उत्तर आपण सांगायचं नसतं. आपण प्रश्न विचारायचे. उत्तर समोरच्याकडून काढून घ्यायचं."

"बरं, फादर."

दुसऱ्या दिवशी शाळेची किल्ली कैतानकडे होती. दाराशी सिस्टर सलोमी उभी, मागं चारशे पोरं.

"मास्तर, किल्ली कुठाय?"

"तुम्हीच सांगा, सिस्टर. काय दिलंय? काय काढायचंय?"

"अहो, ऊन लागतंय!"

"ऊन सोडा. ते गणितात नाही. घाबरू नका, प्रयत्न करा."

बिचारी सिस्टर अर्धा तास प्रयत्न करत होती. कुंडीखाली पाहिलं, पायपुसण्याखाली पाहिलं. शेवटी चिडून म्हणाली, "तुमच्या खिशात असेल, नाहीतर कुठं जाणार!" कैतानला इतका आनंद झाला की त्यानं चारशे पोरांकडून सिस्टरसाठी टाळ्या वाजवून घेतल्या. मग किल्ली काढली.

फादरनी कपाळ धरलं. "अहो मास्तर! कुणी विचारलं तर चटकन सांगावं! सगळं सांगावं. हातचं काही राखू नये!"

"बरं, फादर."

मग आली सहामाही. गणिताच्या पेपराला वर्गावर कैतानच. मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, तिसऱ्याचं उत्तर काय?"

कैताननं चटकन सांगितलं. सगळं सांगितलं. फळ्यावर कृतीसकट लिहून दिलं आणि म्हणाला, "चौथं नाही का विचारत?"

अख्ख्या वर्गाला शंभरपैकी शंभर. एकाला तेवढे पंच्याण्णव. तो त्या वेळी पाणी प्यायला गेला होता.

फादर लालेलाल झाले. "परीक्षेत बोलतात का? परीक्षा म्हणजे चिडीचूप! जो तोंड उघडेल त्याच्या हातातलं काढून घ्या, त्याला बाहेर उभा करा आणि दाराला कडी लावा. मग तो कुणी का असेना! आणि मास्तर, आता एकदा जरी घोळ झाला ना..."

"बरं, फादर," कैतान म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढं ब्रिजित उभी राहिली.

दुसरा कुणी असता तर फादरनी केव्हाच घरी पाठवला असता. पण पंचक्रोशीत गणिताला माणूस मिळत नव्हता. अडला हरी!

जानेवारी आला. त्या गावात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये घोषणा होते. अमक्याचं तमकीशी लग्न आहे, कुणाची हरकत असेल तर सांगा. कैतानच्या दोन घोषणा झाल्या. कुणी हूं की चूं केलं नाही. तिसऱ्या रविवारी मिस्साच्या प्रार्थनेआधी धर्मशिक्षणाची तोंडी परीक्षा होती. फादर परीक्षा घेणार, कैतान पोरांवर लक्ष ठेवणार.

फादरनी पुस्तक उघडलं आणि विचारलं, "सांगा, हे जग कुणी निर्माण केलं?"

अरे देवा! परीक्षेत बोलले!

कैताननं एकदा फादरकडे पाहिलं, एकदा दाराकडे. पण प्रश्न नोकरीचा होता, ब्रिजितचा होता. त्यानं फादरच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं, त्यांना कोपराला धरून व्हरांड्यात नेलं, आत येऊन कडी लावली.

"सर, ते फादर आहेत!" एक पोरगी ओरडली. ती बोलली, तीही बाहेर. "सर, दार उघडा ना!" दुसरा बाहेर. होता होता सगळा वर्ग बाहेर गेला. आत एकटा कैतान. चिडीचूप.

मिस्सा अर्धा तास उशिरा झाली. घोषणांची चिठ्ठी त्या पुस्तकात, आणि पुस्तक कैतानच्या काखेत. तिसरी घोषणा राहिली ती राहिलीच.

"आता ती लग्नाच्या वेळीच उरकतो," फादर म्हणाले. लग्नाच्या सकाळी त्यांनी कैतानचे दोन्ही खांदे धरले. "कैतान, बाबा रे, हात जोडतो. मी विचारीन त्यावर एकच शब्द म्हणायचा. 'होय.' दुसरं अक्षर काढायचं नाही."

"बरं, फादर."

चर्च खच्चून भरलं. पहिल्या बाकावर पेद्रू, मिशीला पीळ देऊन. ब्रिजित पांढऱ्या झग्यात अशी दिसत होती की कैतानला धड श्वास घेता येईना.

"कैतान, तू स्वखुशीनं आलास का?"

"होय."

"हिला जन्मभर सांभाळशील?"

"होय!"

ब्रिजित लाजली. फादरना धीर आला. त्यांनी चिठ्ठी काढली. "या लग्नाला कुणाची हरकत आहे का?"

"होय!"

सगळं चर्च वळून बघायला लागलं. फादर म्हणाले, "कैतान, हरकत? तुझी?"

"होय."

"अरे, नवरा तूच ना?"

"होय."

"मग तुला वेड लागलंय का?"

"होय."

पेद्रू ताडकन उठला. "मग पोरीला घरी नेऊ?"

"होय," कैतान म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

ब्रिजितनं त्याची बाही धरली. तीही रडकुंडीला आली होती. "फादर, काय शिकवून ठेवलंत याला?"

फादरच्या डोक्यात प्रकाश पडला. ते कैतानच्या कानाशी लागले. "अरे, 'होय' पुरे! आता 'नाही' म्हण. नाही!"

"बरं, फादर."

"हरकत आहे?"

"नाही."

"वेड लागलंय?"

"नाही."

"पोरीला नेऊ?" पेद्रू गुरगुरला.

"नाही!"

पेद्रू खाली बसला. बायकांनी डोळे पुसले. पेटीवाल्यानं पेटीवर बोटं ठेवली. फादरनी घाम टिपला आणि परत काही बिनसायच्या आत घाईघाईनं विचारलं, "कैतान, या ब्रिजितचा पत्नी म्हणून स्वीकार करतोस का?"

कैताननं फादरकडे पाहिलं, ब्रिजितकडे पाहून गोड हसला, छाती पुढं काढली आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं खणखणीत म्हणाला,

"नाही!"