आमिष देणाऱ्याचं नाव

मंगळवारी सकाळी अकरा वाजता मोरखडीच्या ग्रामपंचायतीत सुगंधाबाई पाडवी उभ्या होत्या. त्या ख्रिस्ती झाल्या म्हणून दीड महिना त्यांचा नळ तोडलेला होता. समोर सरपंच, शेजारी जबाब लिहून घेणारे फौजदार.

"आमिषाला भुलून धर्म बदलला, एवढं सांग," सरपंच म्हणाले. "येशूला सोड, उद्या नळ जोडतो. वर घरकुलही देतो."

सुगंधाबाई फौजदारांकडे वळल्या. "साहेब, येशूकडे गेले तेव्हा कुणी तांब्याभर पाणीही देऊ केलं नव्हतं. धर्म बदलायला नळ नि घरकुल आज पहिल्यांदाच मिळतंय. आमिष देणाऱ्याचं नाव लिहून घ्या."

फौजदारांनी हसू दाबत सरपंचांचं नाव लिहिलं.

ते पान कुणी फाडलं, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही.