गोजराईच्या टोपल्या

फार मागची गोष्ट आहे. घाटमाथ्यावरच्या कळकेवाडीत शाळेला भिंती होत्या, पण घंटा नव्हती, तेव्हाची.

त्या वाडीत गोजरा नावाची बुरडीण राहायची. ती आणि तिचा नवरा लिंबाजी दोघं मिळून टोपल्या वळत. त्यांच्या घरची एक रीत होती. टोपलीचं बूड लिंबाजीने घालायचं आणि त्यावर घेर गोजराने चढवायचा. तो पहाटे एकटाच बसून बुडं घालून ठेवी. ती उठून बाहेर यायची तेव्हा बुडं अंगणात ओळीने मांडलेली असत. बूड सुरू कुठून करतोस, असं तिने त्याला एकदा विचारलं होतं.

"तेबी तुला आलं, तर मग मी काय करू?" तो म्हणाला होता.

पुढे लिंबाजी तापाने गेला. त्याच्या हातची दोन बुडं तेवढी घरात उरली. गोजराने ती दोन्ही आढ्याला अडकवली आणि सुपं नि पंखे विकून ती पोट भरू लागली. तिच्या हातून टोपली म्हणून होईना. असं म्हणतात, त्या वर्षी वाडीतल्या बायका धान्य पदरातून नेत होत्या, पण परगावची टोपली कुणी आणली नाही.

त्याच सुमारास शाळेवर साळवे मास्तर आले. वाडीची वरची आळी आणि खालची आळी हुतूतू खेळली की डोकी फुटायची. मास्तरांना असा खेळ हवा होता, की ज्यात कुणी कुणाला धरणार नाही. तसा एक खेळ त्यांनी मिशनच्या शाळेत पाहिला होता. ते गोजराच्या दारात येऊन बसले आणि सांगू लागले.

"लांब समुद्रापलीकडं एक गाव आहे, मावशी. तिथं थंडीत बर्फ पडतं. पोरं घरात कोंडून पिसाळली. तेव्हा त्यांच्या मास्तरनं फळांच्या दोन टोपल्या उंच टांगल्या आणि त्यांत चेंडू टाकायला लावला."

"आन् ढकलाढकली?"

"नाही. चेंडू घेऊन पळायचंसुद्धा नाही."

"मग ही आपली पोरं खेळायची कशी?" गोजरा म्हणाली आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

मास्तर गेले, पण त्यांचं बोलणं तिच्या डोक्यातून जाईना. टोपली डोक्यावर असते, काखेत असते, खळ्यात असते. उंचावर टांगलेली टोपली काय करते, हे तिला बघायचं होतं. तिने आढ्यावरची दोन्ही बुडं खाली काढली. असं म्हणतात, ती घेर चढवू लागली तेव्हा कामट्या तिच्या बोटांच्या आधीच वळत होत्या, आणि बेटातला उभा बांबूही तिच्या घराकडे वाकून बघत होता.

टोपल्या तयार झाल्या. तिने त्या शेणाने सारवल्या, कारण सारवल्याशिवाय टोपली कशी द्यायची? रिकामी नवी टोपली घराबाहेर काढत नाहीत, म्हणून मूठमूठ तांदूळ घातले. मास्तरांनी त्या तशाच दोन खांबांवर चढवल्या. असं म्हणतात, पहिला चेंडू पडला तेव्हा टोपलीतून चिमण्यांचा एवढा थवा उडाला, की पटांगणावर सावली आली. पाऊस पडून गेला की सारवलेल्या टोपलीत पाणी साचायचं. मग चेंडू झेलणाऱ्याची अंघोळ व्हायची आणि दोन्ही आळ्या एकदम हसायच्या. एकमेकांच्या हसण्यात त्या पूर्वी कधी सामील झाल्या नव्हत्या.

चेंडू काढायला मात्र गोजराच चढायची. दुसऱ्या कुणाला ती शिडीला हात लावू देत नसे. चेंडू आत पडला की खेळ थांबायचा. ती चढायची, चेंडू खाली टाकायची आणि क्षणभर हात टोपलीतच ठेवायची. बुडावर बोटं फिरवायची. लिंबाजीची वीण तिथे होती. लोकांना वाटे, बाई चेंडू चाचपते आहे.

खेळ पसरत गेला. खोऱ्यातल्या गावागावांत टोपल्या टांगल्या गेल्या. बायका म्हणू लागल्या, की आता घरात टोपली शोधायची तर आधी खांबाकडे बघावं लागतं. मग एका वर्षी घाटाखालच्या गावाचा संघ कळकेवाडीला खेळायला आला. त्यांचा म्होरक्या शिडीकडे बघून म्हणाला, "तुमच्याकडं खेळ कमी न् चढाई जास्त. आमी बूड कापून टाकलं. चेंडू आपला आपण खाली येतो."

सामना सुरू झाला. पाहुण्यांनी चेंडूवर चेंडू टाकले आणि गोजरा चढत-उतरत राहिली. वाडीची पोरं मात्र टोपलीखाली जाऊन चेंडू परत फिरवायची. नेमबाज मारुती तर समोर कुणी नसताना चेंडू मागे देऊन मोकळा झाला. गोजराने त्याला शिडीवरून हाक मारली.

"का रं, टाकत का न्हाईस?"

"मावशी, तुमचं गुडघं वाजत्यात. हितपर्यंत ऐकू येतं. आमी टाकला की तुमाला चढावं लागतं."

"आन् हरलात तर?"

"हरू की."

पोरं किती दिवस असं करत होती, हे गोजराने विचारलं नाही. ती खाली उतरली आणि घरून कोयता घेऊन आली. मास्तर पुढे झाले. "मावशी, बूड राहू द्या. आपण दुसऱ्या टोपल्या करू."

"बूड घालायला मला येत न्हाई, मास्तर," ती म्हणाली आणि चढली.

तिने खालच्या कडेने एक कामटी घट्ट आवळून बांधली, मग कोयत्याने बूड अलगद मोकळं केलं. ते तिच्या ओच्यात पडलं. दुसऱ्या खांबावरही तिने तसंच केलं. त्यानंतर मारुतीने टाकलेला चेंडू टोपलीतून सरळ खाली आला, आणि असं म्हणतात, तो जमिनीला लागला तेव्हा खाली दरीतल्या देवळाची घंटा आपोआप वाजली. सामना कोण जिंकलं ते आता कुणाला आठवत नाही.

गोजरा एक बूड मांडीवर घेऊन खांबाला टेकून बसली होती. ती त्याची वीण शेवटाकडून उलगडत गेली. एकेक कामटी निघत गेली आणि मधोमध एका फुलीत अडकवलेल्या चारच कामट्या उरल्या. त्यांतल्या एकीची साल आतल्या बाजूला होती. तिथून तो सुरू करायचा. तिने फुली सोडवली, पुन्हा घातली, पुन्हा सोडवली. अंधार पडायच्या आत तिने तिच्या आयुष्यातलं पहिलं बूड घातलं. लिंबाजीचं दुसरं बूड तिने कधी उलगडलं नाही. त्यानंतर कळकेवाडीत टोपल्यांना तोटा पडला नाही.

आता पटांगणावर लोखंडी कड्या आहेत आणि जाळ्या आहेत. पण पौषातल्या सामन्यांच्या पहिल्या दिवशी त्या काढून बांबूच्या टोपल्या बांधतात, बुडासकट. गोजराला तिथे गोजराई म्हणतात आणि त्या दिवसाला गोजराईचा दिवस. पहिला चेंडू आत पडतो आणि वरच राहतो. मग त्या वर्षी ज्या घरातलं माणूस गेलं असेल, त्या घरातलं कुणीतरी शिडी चढतं. चेंडू खाली देतं आणि आपल्या हाताने बूड सोडवायला घेतं. कुणाचं पटकन सुटतं, कुणाला फार वेळ लागतो. दोन्ही संघांचे खेळाडू घाम पुसत उभे असतात. घाई करा, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.