भोंग्याचा गळा

माळावरच्या एका गावात अंडी उबवण्याचे केंद्र होते. कपाटाएवढ्या पेट्या अंड्यांना ऊब देत आणि पेट्यांना एक कॉम्प्युटर सांभाळे. त्यात प्रत्येक पेटीचे एकेक कार्ड खोचलेले होते. कार्डावर तांदळाच्या दाण्याएवढे खटके होते. ते वर-खाली केले की कार्डाचा पत्ता ठरे. कॉम्प्युटर त्या पत्त्यावर हाक मारी, कार्ड ओ देई. कार्डावर टायमरही होता. वेळेत हाक आली नाही, की तो हीटर बंद करून भोंगा वाजवी.

हे सारे वासंतीने बसवले होते. काम चोख, तोराही तेवढाच.

मालक दौलतरावांनी नवी पेटी घेतली आणि उद्घाटनाला गाव बोलावले. वासंती नवे कार्ड लावू लागली.

"जुन्या कार्डांचे पत्ते एकदा बघून घे," मालक म्हणाले.

"काका, माझ्याच हातचं काम आहे. बघायचं काय त्यात?"

तिने आठवणीनेच खटके लावले.

नारळ फुटला. वीज सुरू झाली. आणि भोंगे बोंबलू लागले, नव्या पेटीचा आणि शेजारच्या जुन्या पेटीचाही. दोन्हींचे हीटर बंद पडले. जुन्या पेटीत पिल्ले आतून कवचाला टोचा मारत होती. ऊब तुटली तर एकही जगणार नव्हते.

पाहुण्यांतले बंडूतात्या मोठ्याने म्हणाले, "यापेक्षा आमची खुडूक कोंबडी बरी! गुपचूप बसते!"

सगळे हसले. दौलतराव वासंतीच्या कानाशी आले. "पोरी, लाज जातेय. टायमरच बंद कर. भोंगा गप्प होईल, हीटर चालू होईल. बाकीचं उद्या बघू."

एका खटक्याचे काम होते. कोणाला कळलेही नसते. वासंतीचे बोट तिथवर गेले. पण टायमर नसला तर तापत्या हीटरला थांबवणारे कोण? पिल्ले शिजली असती.

तिने बोट मागे घेतले आणि पाहुण्यांकडे वळली.

"मंडळी, चूक माझी आहे. दोन कार्डांना मी एकच पत्ता दिला. हाक मारली की दोघं एकदम ओ देतात, कॉम्प्युटरला काहीच समजत नाही आणि तो त्यांना हाक मारणंच थांबवतो. मला वीज बंद करून सगळं तपासायचंय. तोवर ही जुनी पेटी झाका. हाताला लागेल ते टाका."

हसू थांबले. बंडूतात्यांनीच खांद्यावरचे घोंगडे पहिले टाकले. मग शाली पडल्या, सतरंज्या पडल्या.

वासंतीने एकूण एक कार्ड बाहेर काढले आणि खटके डोळ्यांनी पाहिले. नव्याला मोकळा पत्ता दिला. टायमरला हाकेची जास्त वेळ वाट बघायला लावून तो सैल करता आला असता. तिने तो आणखी कडक केला.

वीज आली. कॉम्प्युटरने हाक मारली. कार्डांनी एकामागून एक ओ दिली. हिरवे दिवे लागले. भोंगे गप्प राहिले.

संध्याकाळी जुन्या पेटीचे दार उघडले. ट्रेमागून ट्रे पिवळ्या पिल्लांनी भरलेले निघाले. असा चिवचिवाट झाला, की माणसांना ओरडून बोलावे लागले.

"वासंती, दोन शब्द बोल!" दौलतराव ओरडले.

"मी कशाला? यांचं चाललंय की!"

तात्पर्य: चूक ओरडून सांगणाऱ्याचा गळा दाबू नये. चूक शोधावी, आपली म्हणावी आणि तिथेच निस्तरावी.