चहाचा पितळी बिल्ला

फार पूर्वी, युद्धामुळे मिरजेच्या बाजारातली चिल्लर आटली, तेव्हा चहावाले भिकोबा कोरगावकर सुट्ट्या पैशांऐवजी आपलं नाव आणि ‘एक चहा’ असं कोरलेले पितळी बिल्ले देऊ लागले. त्यातला एक पुष्कळ वर्षांनी जुनी नाणी जमवणाऱ्या नलूताईंच्या डबीत आला.

"माझ्यावर राजा आहे. तुझ्यावर कोण?" शेजारच्या चांदीच्या रुपयाने विचारलं.

"चहावाला," बिल्ला ओशाळून म्हणाला.

एके दिवशी नलूताई ते दुकान शोधत गेल्या. गल्ल्यावर भिकोबांची नात होती. नलूताईंनी गमतीने दोन्ही नाणी तिच्यापुढे ठेवली.

"हा रुपया आता चालत नाही," ती म्हणाली. मग तिने बिल्ला उचलून कपाळाला लावला. "पण हा आजोबांचा शब्द आहे, ताई. बसा, चहा आणते."