चितारी 'येतो' म्हणाला

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राजाचे नाव आता कुणालाच आठवत नाही. त्याच्या दरबारात एक चितारी होता. हातात कला, पण स्वभाव उतावळा. राजाला उत्तरेच्या रानातली हरणे चित्रात हवी होती, म्हणून ऐन हिवाळ्यात चितारी तिकडे गेला.

रानाच्या तोंडाशी एक म्हातारी राहायची. तिच्या गोठ्यातला पेंढा मागून चितारी रोज बर्फात टाकी आणि झाडाआड बसून हरणे न्याहाळी. पेंढ्यासाठी कळप येई, माना खाली घालून खाई, आणि चितारीचा कोळसा कापडावर भराभर फिरे.

म्हातारी म्हणाली, "बाबा, आता पुरे कर. मोठा बर्फ पडायच्या आत हा कळप खालच्या दरीत उतरतो. तुझ्यापायी इथं रेंगाळला, तर वाट बुजेल आणि सगळी मरतील."

"झालंच आजी, उद्या निघतोय," चितारी म्हणाला.

आणि खरोखरच निघाला. निघताना घरच्या वळणाप्रमाणे कळपाकडे वळून म्हणाला, "बरंय, येतो." आपण नाही का म्हणत? 'जातो' म्हणणे अशुभ, म्हणून 'येतो' म्हणायचे आणि खुशाल निघून जायचे. हरणांनी मात्र कान टवकारले.

दरबारात चित्राची वाहवा झाली. चितारी फुगला. आठवड्याने त्याला दिसले, की चित्रातल्या एका हरिणीने मान वर केली आहे. आपणच तशी काढली असेल, असे म्हणून त्याने सोडून दिले. दुसऱ्या दिवशी आणखी तिघींच्या माना वर होत्या. महिनाभरात सगळा कळप दाराकडे पाहू लागला. चितारी दालनात आला, की त्या नजरा त्याच्याबरोबर सरकत. राजाला म्हणे काहीच वेगळे दिसत नव्हते.

चितारीला अन्न गोड लागेना. एक दिवस त्याला म्हातारीचे बोलणे आठवले. पेंढ्याचा भारा पाठीवर घेऊन तो रानाकडे धावला.

दरीची वाट बुजून गेली होती. नेहमीच्या जागी कळप उभा होता, गळ्यापर्यंत बर्फात, चितारीच्या वाटेकडे तोंड करून. एकाचीही पापणी हलत नव्हती. फक्त एका हरिणीच्या नाकातून वाफ येत होती.

चितारी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. "वेळेवर खाली का नाही गेलात गं?"

"तू येतो म्हणालास," हरिणी म्हणाली. "म्हणून थांबलो."

"अगं, ती आमची बोलायची रीत आहे."

"आम्हाला ते माहीत नव्हतं."

त्याने पेंढा पुढे केला. तिने तो हुंगला आणि मान टाकली.

त्यानंतर चितारीने कुंचला हातात धरला नाही. कुणाच्याही घरून निघताना तो सरळ 'जातो' म्हणे. लोक त्याला अभद्र म्हणत, आयाबाया लेकरांना आत घेत. तो कुणाला काही समजावत बसला नाही.

तेव्हा लहानथोरांनो, जो तुमचा शब्द खरा मानतो, त्याला तो नुसत्या सवयीने देऊ नये.