ओला पंचा

साल दोन हजार बारा, वैशाखाचा दुसरा आठवडा. एका शहरात एकदा एक वृद्ध माळी सार्वजनिक बाग राखत होते. लोक त्यांना तात्या म्हणत. शाळा त्यांनी फारशी पाहिली नव्हती. झाडे मात्र त्यांचे ऐकत.

बागेच्या मागच्या भिंतीला लागून एक वस्ती होती. तिथली हर्षदा कॉलेजात जाई आणि सुट्टीत तात्यांकडे कलमे बांधायला शिके. त्या वर्षी महापालिकेने तरुणांना काम दिले: कोणत्या वस्तीपासून बाग किती लांब, याचा नकाशा करा. जी वस्ती लांब ठरेल, तिची बागेत येण्याची सोय आधी होणार होती.

एका दुपारी हर्षदाने नकाशा तात्यांपुढे धरला.

"आमची वस्ती सगळ्यात जवळ. शंभर पावलं!"

"कुठून मोजलीस?"

"भिंतीवरून. लहानपणापासून तिथूनच उड्या मारतो की आम्ही."

"आणि तुझी आई?"

"तात्या, आई काय भिंत चढणार?" हर्षदा खळखळून हसली.

तात्या हसले नाहीत. त्यांनी खांद्यावरचा पंचा हौदात बुडवला आणि तसाच निथळता तिच्या हाती दिला.

"उसना देतोय. आत्ता घरी जा, आईच्या डोक्यावर टाक आणि तिला बागेत घेऊन ये. ओला नेतेस, ओलाच परत कर."

हर्षदाला अर्थ उमगला नाही. पण ती गेली.

मायलेकी निघाल्या. वस्तीचा बोळ, मग नाल्यावरचा पूल, मग हमरस्ता. तिथे ट्रक थांबेनात. आईचे गुडघे धरले. पाऊण तासाने बागेचे फाटक आले, तोवर पंचा पापडासारखा वाळला होता.

आई मागच्या भिंतीजवळच्या कडुनिंबाखाली टेकली. झाडावर हात ठेवून म्हणाली, "एकवीस वर्षं आपल्या अंगणात पडलेली याची पानं झाडतेय मी. शेंडा रोज बघते. बुंधा आज पाहिला."

हर्षदाने पंचा पुढे केला. तात्यांनी घेतला नाही.

"ओला दिला होता."

तिने वाळका पंचा चाचपला. तेव्हा तात्या म्हणाले, "पोरी, अंतर तरण्या पायांनी मोजू नये. ज्याचे पाय दुखतात, त्याच्या पायांनी मोजावं. तू भिंत चढत होतीस, म्हणून तुला भिंत दिसली नाही. हा कागद असाच गेला, तर साहेब म्हणेल, यांना बाग जवळ आहे, यांना काही नको. उडी तुझी, आणि ऊन आईला."

परतताना हर्षदा आईच्या चालीने चालली आणि पावले मोजली. रात्री तिने नकाशावरचे शंभर खोडले. दोन हजार तीनशे लिहिले.

पुढच्या वैशाखात महापालिकेने मागची भिंत फोडून तिथे लहानसे फाटक बसवले. त्याच दुपारी हर्षदाची आई बागेत आली. एकटीच. डोक्यावरचा तोच पंचा काढून तिने तात्यांच्या हाती दिला.

तात्यांनी तो पिळला. पाणी निघाले. त्यांनी पंचा खांद्यावर टाकला.