भोंग्याची वेळ

सूतगिरणीतल्या चाळीस बाया सायकलने यायला तयार होत्या, पण दिवसभर उन्हात उभ्या सायकलींचे टायर फुटायचे, म्हणून सगळ्या रिक्षा धरत. मंगल कुदळेने सायकलशेडचा अर्ज दोनदा दिला, दोन्ही वेळा तो परत आला. तिसऱ्यांदा मात्र होकार घेतल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवूनच ती मॅनेजर रणदिव्यांसमोर बसली.

साहेबांनी अर्ज बाजूला सरकवला. "सायकलवाला कधी वेळेवर पोचतो का? रोज वेळेवर येणारा एक जरी दाखवलास, तर उद्या शेडचे पत्रे टाकतो."

दारातला सुपरवायझर फिदीफिदी हसला. मंगलने शांतपणे विचारलं, "साहेब, आपला सकाळचा भोंगा कधी चुकलाय?"

"भोंगा?" साहेब ताठ झाले. "सातच्या ठोक्याला वाजतो. अख्खं गाव त्यावर घड्याळ लावतं."

"तो वाजवतात आपले वॉचमन, शेलारमामा. बावीस वर्षं सायकलनेच येतात."

साहेबांनी अर्ज जवळ ओढला आणि पेन शोधू लागले.

"तुमची त्यांची गाठ पडली नसेल," मंगल म्हणाली. "तुमची गाडी फाटकात शिरते, तेव्हा भोंगा वाजून तास झालेला असतो."